ओसान्यिनची पानं: योरुबा परंपरेतल्या पवित्र आणि औषधी वनस्पतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम आफ्रिकेतल्या वनस्पतींबद्दल मी लिहायला लागल्यापासून काही प्रश्न फिरून फिरून येतात. कुणी कुतूहलाने विचारतं, कुणी संशयाने, कुणाला नुसती रेसिपी हवी असते. त्यातल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. रेसिपी मात्र मिळणार नाही. का, ते पुढे येईलच.

योरुबा लोक नेमके कोण?

नायजेरियाचा नैऋत्य भाग आणि पश्चिमेकडचे बेनिन, टोगो हे देश मिळून पसरलेला कोट्यवधी लोकांचा समाज. लागोस, इबादान, अबेओकुटा, ओशोग्बो ही त्यांची शहरं. इले-इफे हे आद्यस्थान; पृथ्वीची पहिली माती तिथेच पसरली अशी श्रद्धा आहे. आज बहुतेक योरुबा ख्रिस्ती किंवा मुसलमान आहेत. तरी घरात बाळ किरकिरं झालं की आग्बो, म्हणजे पाल्याचा काढा, आणायला जाणारे त्यांच्यातही भरपूर आहेत. ओरिशांना, म्हणजे जुन्या देवतांना, उघडपणे मानणारे त्या मानाने थोडे. पण हीच परंपरा गुलामांच्या जहाजांतून ब्राझील आणि क्यूबाला गेली आणि तिथे रुजली. त्यामुळे हा विषय एका देशापुरता राहत नाही.

पानांचा स्वतंत्र देव आहे म्हणतात, तो कोण?

ओसान्यिन. एक डोळा, एक हात, एक पाय आणि चिरका आवाज असं त्याचं वर्णन करतात. त्याचं चिन्ह म्हणजे लोखंडी दंड: वर मधोमध एक पक्षी आणि भोवती गोलाकार बसलेले लहान पक्षी. जगभरच्या संग्रहालयांत हे दंड दिसतात, आणि बहुतेक ठिकाणी पाटीवर एवढंच लिहिलेलं असतं की हा 'आफ्रिकी धातुकामाचा नमुना' आहे.

त्याच्या दोन कथा मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी. भविष्य जाणणारा ओरुन्मिला ओसान्यिनला शेत बेणायला पाठवतो. बऱ्याच वेळाने येऊन पाहतो तर एक काडीही उपटलेली नाही. का, म्हणून विचारलं तर ओसान्यिन एकेका रोपाकडे बोट दाखवतो. हे तापावर चालतं, हे पोटदुखीवर, हे बाळंतिणीला लागतं. आता यातलं तण कुठलं ते तूच सांग. ओरुन्मिला निरुत्तर होतो आणि त्याला आपल्याजवळ ठेवून घेतो.

दुसरी कथा ब्राझील-क्यूबाकडे जास्त सांगतात. सगळी पानं ओसान्यिनने एका भोपळ्यात भरून झाडाला टांगून ठेवली होती. इतर देवांना पान हवं असलं की त्याच्याकडे हात पसरावा लागे. शांगोला, म्हणजे विजेच्या देवाला, ते खपेना. त्याने बायकोला, वाऱ्याची देवी ओया हिला, सांगितलं. तिने असं वादळ उठवलं की भोपळा खाली आदळून फुटला आणि पानं चौफेर उडाली. ओसान्यिन 'एवे ओ, एवे ओ' म्हणजे 'पानं रे, पानं' असं ओरडत राहिला. ज्या देवाच्या हाती जे पान लागलं ते त्याचं झालं. पण पानाला जागं करणारे शब्द काही वाऱ्याने उडाले नाहीत. ते ओसान्यिनपाशीच राहिले.

मग औषध पानात असतं की मंत्रात?

बहुतेक गैरसमज या प्रश्नातून होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

योरुबा वैद्यकात पानं, मुळं, साली वापरतातच. काढा म्हणजे आग्बो, कुटून केलेली पूड म्हणजे आगुन्मु. काही पाला जाळून काळी पूड करतात, काही काळ्या साबणात कुटून अंघोळीला देतात. यातले पुष्कळ घरगुती काढे मंत्राविना घेतले जातात. तापाचा काढा विकणारी बाई प्रत्येक गिऱ्हाइकासाठी काही म्हणत बसत नाही.

पण दीक्षेसाठी, संरक्षणासाठी किंवा एखाद्याचं नशीब सुधारावं म्हणून जे केलं जातं, त्यात पानाबरोबर ओफो लागतो. ओफो म्हणजे पानाला उद्देशून म्हटलेली छोटी, ठाशीव ओळ. तिचं इंगित बहुतेक वेळा पानाच्या नावातच असतं. आपली पानफुटी घ्या. तिला योरुबात आबामोदा म्हणतात, आणि त्या नावात 'मनसुबा करणं' हा अर्थ ऐकू येतो. म्हणून ती इच्छापूर्तीच्या विधीत येते आणि तिच्याबरोबरची ओळ अशी: सरडा जो मनसुबा करतो, तो देव मान्य करतो. तेते म्हणजे आपल्या माठाच्या जातीची पालेभाजी. तिची ओळ: भाज्यांच्या मेळ्यात तेतेची फजिती होत नाही. योरुबात 'फजिती होणं' या क्रियापदाचा उच्चार तेतेच्या नावातच दडलेला आहे. नव्या पदावर बसणाऱ्या माणसाला, चारचौघांत त्याची लाज राहावी म्हणून, हीच भाजी विधीत लागते.

आता हे नुसतं शब्दांचं कोडं म्हणून सोडून देता येईल. पण ज्या समाजात शेकडो वर्षं काहीच लिहून ठेवलं जात नव्हतं, तिथे ही पाठांतराची फार हुशार सोय होती. नाव आठवलं की ओळ आठवते, ओळ आठवली की उपयोग. त्यामुळे नाव बदललं, किंवा मुलांची भाषा सुटली, की झाड कुंपणाला जिवंत असूनही त्याचा उपयोग हरवतो. 'अमुक पान, अमुक रोग' असे तक्ते छापून हे ज्ञान जपलं असं जे समजतात, त्यांच्याशी माझं भांडण इथेच आहे.

हे ज्ञान कुणाकडे असतं? बाबालावो म्हणजेच वैद्य का?

नाही. बाबालावो हा इफाचा, म्हणजे योरुबांच्या कौल पाहण्याच्या पद्धतीचा, जाणकार. सोळा पवित्र पामबियांनी किंवा साखळीने तो कौल पाहतो. २५६ ओडूंपैकी, म्हणजे कौलाच्या ठरावीक आकृत्यांपैकी, एक ओडू उमटतो, मग त्या ओडूच्या ओव्या म्हणतो, आणि त्यांतच कुठलं पान, कुठला नैवेद्य ते सांगितलेलं असतं. या इफा पद्धतीला युनेस्कोने २००५ मध्ये मानवी वारशाचा अनमोल ठेवा म्हटलं आणि २००८ मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत आली. बाबालावो होण्यासाठी मुलं लहानपणीच गुरूच्या घरी राहायला जात. दहा वर्षंही थोडीच समजली जात, आणि बराच वेळ गुरूबरोबर रानात पाला गोळा करण्यात जाई.

ओनिशेगुन म्हणजे औषध करणारा वैद्य. कौल पाहणं त्याच्यावर बंधनकारक नाही, काही जण दोन्ही करतात. अनेकांचं शिक्षण बापाकडून किंवा मामाकडून झालेलं असतं आणि एखाद्याच रोगात त्यांचा हातखंडा असतो: कुणी हाडं बसवतो, कुणी वेडाचे झटके सांभाळतो.

तिसरा गट अभ्यासकांनी बरीच वर्षं खिजगणतीतच धरला नाही: बाजारात पाला विकणाऱ्या बायका, एलेवे ओमो. इबादानच्या बोडे बाजारात ओल्या पाल्याच्या जुड्या, सालीचे तुकडे, मुळ्यांच्या मोळ्या घेऊन त्या बसतात. नावातला 'ओमो' म्हणजे मूल. लहान मुलांचा पाला ही त्यांची खासियत. गिऱ्हाईक रोगाचं नाव सांगतं आणि बाई न विचारता पाच-सहा जुड्या काढून एकत्र बांधते. मातीच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात तो पाला भरतात, वर पाणी किंवा आंबवलेल्या मक्याच्या पिठावरची आंबट निवळ घालतात, उकळतात, आणि पुढचे काही दिवस त्याच पाल्यावर पाणी वाढवत राहतात. कुठलं पान कुठल्या मोसमात मिळत नाही, त्याच्या जागी काय चालतं, आणि पूर्वी गावाबाहेर मिळणारी साल आता किती लांबून आणावी लागते हे विचारायचं असेल तर या बायकांना विचारावं. वाळलेला माल, कवड्या, हाडं, कातडी विकणारे वेगळे. त्यांना लेकुलेजा म्हणतात.

पाला तोडायचेही नियम असतात का?

असतात, आणि ते गावागणिक बदलतात. सर्वसाधारणपणे सकाळी लवकर जायचं, झाडाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, गरजेपुरतंच घ्यायचं. क्यूबात रानात शिरण्याआधी रानाचं देणं म्हणून नाणं ठेवतात. ब्राझीलमध्ये ओसान्यिनसाठी मध आणि तंबाखूही ठेवतात. तिथे पानांची तापट आणि शांत अशी विभागणीही पक्की आहे. दीक्षेच्या पाण्यात दोन्हींचा तोल साधावा लागतो. ओदुनदुन, तेते आणि रिनरिन ही शांत पानांची नेहमीची तिकडी. यातलं रिनरिन तुम्ही पाहिलेलं असणार: पावसाळ्यात कोकणातल्या ओल्या भिंतींच्या कडेला उगवणारं, पारदर्शक देठाचं, बोटभर उंचीचं रोप.

सर्वांत पवित्र झाडं कोणती?

तेलपामचा मान पहिला. त्याच्या बियांवर इफा चालतो आणि त्याची कोवळी झावळी, मारिवो, दारावर किंवा वाटेवर बांधलेली दिसली की पुढे देवस्थान आहे, जपून पाऊल टाका, असं समजायचं. ओगुन या लोखंडाच्या देवाचं ते वस्त्रच.

आकोको नावाचं झाड राजवाड्यांपाशी हमखास लावलेलं असतं. राजा किंवा सरदार नेमताना त्याची पानं टोपीत किंवा डोक्यावर खोवतात. त्याशिवाय नेमणूक पुरी होत नाही. सरकारी वनीकरण योजनेपेक्षा या एका रिवाजाने आकोकोची जास्त काळजी घेतली आहे, असं मला वाटतं. पेरेगुन आपल्याकडे कुंडीत शोभेला लावतात त्या ड्रासिनाच्या जातीचं. तिकडे ते देवस्थानाची हद्द आखतं. इरोको हा प्रचंड वृक्ष. त्यात आत्मा राहतो म्हणून तोडायला लोक घाबरतात, पण लाकडाला भाव इतका की व्यापाऱ्याला ती भीती परवडत नाही. चार पाकळ्यांचं कोलाफळ, ओबी, देवाला होकार-नकार विचारायला लागतं. शांगोला मात्र ओबी चालत नाही, त्याला ओरोग्बो हे वेगळं, कडवट फळ लागतं.

यातल्या किती वनस्पती आपल्याकडे आहेत?

अपेक्षेपेक्षा बऱ्याच. पानफुटी आणि माठ वर आलेच. लाजाळू तिकडे पातानमो. पाय मिटून घेणारी, म्हणून दारं-वाटा 'मिटवण्याच्या' विधीत. कारलं म्हणजे एजिनरिन, रुई म्हणजे बोमुबोमु, रामतुळस म्हणजे एफिनरिन, आणि एफिनरिन तर रोजच्या रश्शातही पडते.

यात एक गंमत आहे. लाजाळू मूळची अमेरिकेतली, पानफुटी मादागास्करची. कडुनिंब आपल्या उपखंडातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेत गेला. आज नायजेरियात 'डोंगोयारो' या हौसा नावाने त्याचा काढा मलेरियाच्या तापात सर्रास पितात. म्हणजे 'हजारो वर्षांची न बदललेली परंपरा' हे वर्णन चुकीचंच. बाहेरून आलेल्या झाडाचा स्वभाव पाहायचा, त्याला नाव द्यायचं, ओळ रचायची आणि आपल्यात घ्यायचं, हे तिथे सतत चालत आलंय.

हे सगळं वेळेत लिहून का नाही ठेवत?

ठेवलंय की, बरंच. इबादानच्या वनसंशोधन संस्थेत मोठा वनस्पतिसंग्रह आहे आणि तिथूनच १९८४ मध्ये झेड. ओ. ग्बिले यांचा योरुबा वनस्पतिनामांचा कोश निघाला. सर्वांत गाजलेलं काम पिएर वेर्जे यांचं. हे फ्रेंच छायाचित्रकार १९४६ मध्ये ब्राझीलच्या साल्वादोर शहरात आले आणि तिथलेच झाले. १९५३ मध्ये त्यांनी केतूला, आजच्या बेनिनमध्ये, बाबालावोची दीक्षा घेतली आणि फातुंबी हे नाव मिळवलं. पुढे कित्येक वर्षं त्यांनी पानं, कृती आणि त्यांच्याबरोबरच्या ओळी गोळा केल्या. त्यातल्या ४४७ कृतींचं 'एवे' हे पुस्तक १९९५ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, आलं. नावातलं क्रियापद आणि ओफो यांचा सांधा त्यांनी जितका स्पष्ट दाखवला तितका आधी कुणी दाखवला नव्हता.

मग अडचण काय? एक तर नावांची. एकाच नावाची दोन झाडं दोन गावांत सापडतात आणि एका झाडाला चार नावं. वाळवलेला नमुना जोडलेला नसेल तर 'अमुक पान तापावर' ही नोंद काही वर्षांनी निरुपयोगी, कधी धोकादायकही. योरुबात स्वरांच्या चढउताराने शब्द बदलतो. ते न लिहिता नोंदवलेलं नाव तिथला माणूसही धड वाचू शकत नाही.

दुसरी अडचण गुपिताची. ज्ञान देणाऱ्याचं पोट त्यावर असतं हे एक. शिवाय काही पानं मारकही असतात आणि शिष्याची पारख झाल्याशिवाय ती दाखवायची नाहीत असा दंडक आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला हे आडमुठेपणाचं वाटतं. मला ते पूर्णपणे तसं वाटत नाही. मात्र शिष्यच मिळाला नाही तर गुरूबरोबर सगळं चितेवर... तिकडे दफन करतात, पण अर्थ तोच.

नाहीसं होण्याचं खरं कारण काय, जंगलतोड?

जंगलतोड आहेच. सालीचा व्यापार वाढला की झाड चहूबाजूंनी सोललं जातं आणि मरतं. पण मला विचाराल तर वारस नसणं हे कारण मोठं. ओनिशेगुनची मुलं लागोसला नोकरीला जातात. गेल्या काही दशकांत फोफावलेल्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये ओरिशांना सैतान ठरवतात. मग बापाचं भांडं घरात ठेवायलाही मुलगा धजत नाही. इंग्रजी शाळेतल्या मुलाला पानाचं योरुबा नाव येत नाही, आणि नाव गेलं की ओळ गेली हे वर सांगितलंच.

आपल्यासारख्या देवराया तिकडे आहेत का?

आहेत. सर्वांत प्रसिद्ध ओशोग्बोची, ओशुन नदीकाठची. सुमारे ७५ हेक्टर रान, त्यात चाळीसेक देवस्थानं. २००५ पासून जागतिक वारसास्थळ. तिथे शिकार, मासेमारी, तोड बंद. दर ऑगस्टमध्ये मोठी जत्रा भरते, डोक्यावर नैवेद्याचा भोपळा घेतलेली कुमारिका नदीपर्यंत जाते आणि मागे हजारोंचा लोंढा.

विसाव्या शतकाच्या मध्याला हे रान जवळजवळ हातचं गेलं होतं. ते टिकलं त्यात सुझान वेंगर या ऑस्ट्रियन चित्रकर्तीचा वाटा मोठा. त्या १९५० मध्ये नायजेरियात आल्या, ओरिशांची दीक्षा घेतली आणि स्थानिक गवंडी-सुतारांना बरोबर घेऊन रानात सिमेंटची आणि मातीची अजस्र शिल्पं उभी केली. शिल्पं झाली म्हणून वाळू उपसणारे आणि लाकूडतोडे आत शिरायला बिचकले, असं म्हणायला हरकत नाही. २००९ मध्ये त्या गेल्या. तिकडच्या लोकांना त्या आदुन्नी म्हणूनच ठाऊक.

आताचा धोका रानाला नाही, पाण्याला आहे. वरच्या भागात सोन्यासाठी बेकायदा खोदकाम चालतं आणि नदी गढूळ तांबूस झाली आहे. भाविक अजूनही ते पाणी बाटल्यांत भरून नेतात.

ब्राझील आणि क्यूबात ही परंपरा टिकली कशी? झाडं तर वेगळी!

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओयोचं राज्य कोसळलं, लढाया पेटल्या आणि हजारो योरुबा पकडून बाहिया (ब्राझीलमधला, साल्वादोर शहराचा प्रांत) आणि क्यूबाकडे विकले गेले. अंगावरच्या कपड्यानिशी गेलेल्या माणसांकडे उरलं ते पाठ असलेलं.

तिथे पोचल्यावर काही झाडं तीच निघाली, काहींच्या जागी जवळची शोधावी लागली. इरोको नव्हता, क्यूबात त्याचा मान शाल्मलीसारख्या उंच सेइबाला मिळाला, ब्राझीलमध्ये वडाच्या कुळातल्या गामेलेइराला. कोलाफळ मिळेना तेव्हा क्यूबात नारळाचे चार तुकडे टाकून कौल घेऊ लागले, आणि त्यालाही ओबीच म्हणतात. 'पान नाही तर ओरिशा नाही' ही योरुबा म्हण आज बाहियात, योरुबा न बोलणाऱ्यांच्याही तोंडी आहे. क्यूबातलं हे पर्णज्ञान लिडिया काब्रेरा यांनी १९५४ च्या 'एल मॉन्ते' मध्ये नोंदवलं, तेही सांगणाऱ्यांच्या बोलीत.

साल्वादोरच्या जुन्या कांदोंब्ले मठांत (ओरिशांना मानणाऱ्या ब्राझिली पंथाच्या) इमारतींइतकंच महत्त्व मागच्या रानाच्या तुकड्याला असतं. शहर वाढलं तसा हा तुकडा आक्रसला आणि पाला बाजारातून विकत आणायची वेळ आली. आता उलटाही प्रवाह आहे: नायजेरियात विसरलेल्या ओळी शोधायला तिकडचे लोक बाहियाला जातात.

याला वैज्ञानिक आधार आहे का?

काहीला आहे, काहीला नाही, पुष्कळसं तपासलेलंच नाही. तीन उदाहरणं देतो.

योरुबा वैद्य मानसिक आजारात आसोफेयेजे नावाच्या झुडपाचं मूळ देत आले. हे आपल्या सर्पगंधेचं आफ्रिकी भावंड, आणि रिसर्पिन हे द्रव्य दोन्हींत आहे. सर्पगंधेच्या रक्तदाबावरच्या परिणामाचा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा शोधनिबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. रेमंड प्रिन्स यांनी १९६० मध्ये नायजेरियन वैद्यांच्या या वापराची नोंद केली. त्याआधीच, १९५४ पासून, अबेओकुटाजवळच्या आरो इथे डॉ. थॉमस आदेओये लांबो रुग्णांना आसपासच्या गावांत नातेवाइकांसह ठेवून उपचार करत होते आणि पारंपरिक वैद्यांनाही त्यात सामील करून घेत होते. लांबो पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले.

दुसरं उदाहरण दातवणाचं. ओरिन आता ही तिखट चवीची काडी. इफे विद्यापीठात १९७० च्या सुमारास तिचा अर्क जंतूंवर तपासताना असं दिसलं की त्या बशीतल्या रक्ताचा लाल रंग जास्त टिकतो. त्यातून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या संशोधनाला तोंड फुटलं, प्रा. आबायोमी सोफोवोरा यांचं नाव त्यात अग्रभागी.

तिसरं सिकलसेलचंच, आणि हे गडचिरोली-नंदुरबारच्या वाचकांना जवळचं वाटेल. एका योरुबा वैद्याच्या घराण्यातली कृती अबुजाच्या राष्ट्रीय औषधसंशोधन संस्थेने घेतली. त्यात आफ्रिकी मिरी, लवंग, ओसुन नावाचं तांबडं लाकूड आणि चक्क ज्वारीची पानं. त्याचं औषध २००६ मध्ये नायजेरियात बाजारात आलं. परवाना घेतलेली अमेरिकी कंपनी दोन वर्षांत दिवाळखोरीत गेली आणि पुरवठा थांबला. प्रयोगशाळेत यश मिळालं तरी औषध रोग्यापर्यंत पोचेलच असं नाही.

पण यात जादूटोणाच जास्त नाही का?

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तेव्हा हा प्रश्न येणारच, आणि तो रास्तही आहे. या परंपरेत फसवणूक करणारे आहेत, शत्रूला इजा करण्याच्या कृती आहेत. देवीच्या रोगाचा देव शोपोना. त्याच्या पुजाऱ्यांमध्ये मिसळून लागोसचे डॉ. ओगुंतोला सापारा, स्वतः योरुबा, यांनी शोधून काढलं की पुजारीच रोग्याच्या खपल्यांतून साथ पसरवतात. १९०७ मध्ये ब्रिटिशांनी त्या पूजेवर बंदी घातली. हेच सापारा देशी वनौषधींचे मोठे अभ्यासकही होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, आणि मला तीच वृत्ती योग्य वाटते.

परदेशी कंपन्या हे ज्ञान चोरतील ना?

भीती खरी आहे. आपल्याकडे हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्ध डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण तिथे छापील पुरावे हाताशी होते. तोंडी ज्ञानाचा पुरावा कुठून आणायचा? लिहिलं तर चोरी सोपी, नाही लिहिलं तर चोरी सिद्ध करणं अवघड. नागोया करार २०१४ मध्ये अमलात आला. त्यानुसार लाभाचा वाटा मूळ समाजाला मिळायला हवा. २०२४ च्या मे महिन्यात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा नवा करार झाला, त्यात पेटंट मागणाऱ्याने मूळ स्रोत सांगण्याची अट आहे. प्रश्न उरतो तो असा की वाटा नेमका कुणाला: बाबालावोला, गावाला, बोडे बाजारातल्या बाईला, की बाहियातल्या मठाला?

मी यातलं काही घरी करून पाहू का?

नको. कृती न देण्याचं कारण हेच. आसोफेयेजेचं मूळ थोडं जास्त झालं तर रक्तदाब धोकादायक खाली येतो. लागोसच्या रस्त्यावर मिळणाऱ्या आग्बोत काही वेळा देशी दारूच असते. तान्ह्या बाळांना काढा पाजण्याबद्दल तिकडचे बालरोगतज्ज्ञही बजावतात. पानफुटी कुंडीत लावा, बघा, काठावर रोपं फुटताना मुलांना दाखवा.

कामानिमित्त नायजेरियाला जातोय. काय पाहू, काय टाळू?

ओशोग्बो नक्की; लागोसहून गाडीने निम्मा दिवस धरा. देवराईत स्थानिक वाटाड्या घ्या, मारिवो बांधलेल्या ठिकाणी त्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. इबादानला बोडे बाजार सकाळी पाहा. फोटो आधी विचारून, आणि काहीतरी विकत घेऊन. नुसते फोटो काढणाऱ्यांचा तिथल्या बायकांना मनस्वी कंटाळा आहे. वडीलधाऱ्या विक्रेतीला 'मामा' किंवा 'इया' म्हणा, पैसे उजव्या हाताने द्या. बिया, मुळं, ओली साल सामानात भरून आणू नका. भारतात उतरल्यावर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ती जप्त होतात.